चांगल्या पायाचा आकडा

गुडघा गेला तेव्हा त्याच्या आसपास दहा पावलांवरसुद्धा कुणी नव्हतं, आणि हेच त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. कुणी आडवा पाय घातला असता, कुणी मागून ढकललं असतं, तर निदान जन्मभर शिव्या घालायला एक माणूस तरी मिळाला असता. पण फुटबॉल सामन्याचं एकसष्टावं मिनिट, चेंडू पार पलीकडच्या बाजूला, हा आपला जागा बदलायला म्हणून वळला, डावा पाय गवतात तसाच रुतून राहिला आणि वरचं अंग वळून गेलं. आतून टक् असा आवाज आला. तो खाली पडला, आणि ओरडायच्या आधी मान वळवून बघू लागला, की मारलं कुणी.

मैदानावर त्याला सगळे शंक्या म्हणत. हे नाव त्याला उगाच मिळालेलं नव्हतं. त्याचा बाप बसमध्ये तिकीट तपासनीस होता आणि घरी जेवायला बसला तरी समोरच्या चौघांकडे बिनतिकिटाचे प्रवासी असल्यासारखा बघायचा. पोराने दुसरं काही उचललं नाही, तेवढं मात्र बरोबर उचललं. दुकानदार हसून बोलला की याने माल पुन्हा तपासलाच. शेजाऱ्याने जेवायला बोलावलं की याने तीन दिवस विचार केलाच, की यांना आपल्याकडून नेमकं हवंय काय. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असता तर लोकांनी त्याला दारात उभं केलं नसतं. पण तो बचावपटू होता, डाव्या बाजूचा, आणि तिथे या दुर्गुणाचा पगार मिळतो. समोरून येणारा आघाडीचा गडी खांदा एकीकडे टाकतो, डोळे दुसरीकडे फिरवतो, आणि भोळा बचावपटू त्या खांद्यामागे निघून जातो. शंक्या कधी गेला नाही. खांदा थाप, डोळा थाप, कंबर तर थापांची मावशी. चेंडू खरोखर हलला की मगच हा हलायचा. या एका गुणावर त्याने दुसऱ्या श्रेणीतल्या एकाच क्लबात अकरा वर्षं काढली. फार मोठा खेळाडू नव्हता. रस्त्यात लोक थांबून बघत नसत, पण वर्तमानपत्रवाला मान हलवायचा, न्हावी दोन प्रश्न विचारायचा. एकतीस वर्षांच्या माणसाला तेवढं पुरत होतं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने चित्र काढून सांगितलं. गुडघ्याच्या आत, मधोमध, दोन हाडांना धरून ठेवणारा एक दोर असतो, लिगामेंट म्हणतात त्याला. तो पूर्ण तुटलाय. दोन हाडांमधल्या गादीलाही चीर गेलीय. मांडीच्या मागून एक स्नायूची दोरी काढायची आणि तिथे नवा दोर ओवायचा. नऊ महिने लागतील.

"नऊच का?" शंक्याने विचारलं. "आठ का नाहीत? दहा का नाहीत?"

डॉक्टर हसला. डॉक्टर हसला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे शंक्याने तिथेच ठरवून टाकलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्याने नर्सकडून पेन मागून घेतलं आणि धडधाकट उजव्या गुडघ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हा नव्हे.' नर्सने ते स्पिरिटने पुसलं आणि रागावली. मग डॉक्टरने येऊन डाव्या मांडीवर बाण काढला. भूल चढेपर्यंत शंक्या त्या बाणाकडे बघत होता, की कुणी मधेच तिसरं काही काढत तर नाही ना. शुद्धीवर आल्यावर त्याने बायकोकडे बघितलं नाही. आधी चादर वर केली.

संघातली पोरं भेटायला आली तेव्हा एकाने विनोद केला, "लोकांची अक्कल गुडघ्यात असते रे, याची तीसुद्धा फाटली." सगळे हसले, शंक्याही हसला, आणि ते गेल्यावर तासभर विचार करत बसला की सगळे जरा जास्तच हसले का. त्याच्या जागी घेतलेल्या नव्या गड्याने निरोप पाठवला होता, 'लवकर बरे व्हा.' त्यानेही याच्या डोक्याला भुंगा लावला. "लवकर म्हणजे काय?" तो बायकोला म्हणाला. "म्हणजे घाई करा, पुन्हा मोडून घ्या, असंच ना?"

"म्हणजे लवकर बरे व्हा," बायको म्हणाली.

बायको तयार कपड्यांच्या दुकानात मापं घ्यायची, कपडे लहानमोठे करून द्यायची. दिवसभर लोकांच्या कमरा आणि पोटऱ्या मोजून तिला माणसांबद्दल एक शांतपणा आला होता. घर दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या छत्तीस. पहिला महिनाभर तो कुबड्यांवर त्या पायऱ्या उतरायचा आणि बायको त्याच्या एक पायरी खाली, पाठ खालच्या बाजूला करून उलटी उतरायची. पडलास तर माझ्यावर पड, असं ती म्हणायची. या एका गोष्टीवर मात्र त्याने कधी शंका घेतली नाही, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे, कारण पुढे त्याची फारशी स्तुती करता येणार नाही.

दुसऱ्या महिन्यापासून त्याला क्लबाच्या उपचाराच्या खोलीत जावं लागलं. ही खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. दिवसभर भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर. आत फाटक्या रेक्झिनची दोन बाकं, जागच्या जागी चालणारी एक सायकल, रबरी पट्ट्यांचा गुंता लटकवलेला खिळा, आणि एक लोखंडी खुर्ची, तिच्याबद्दल पुढे. या सगळ्यावर बाईंचं राज्य. बाई म्हणजे क्लबाच्या फिजिओथेरपिस्ट. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं कमी आणि अंगठा असा की स्नायूच्या आत जाऊन त्याची चौकशी करून यायचा. तेवीस वर्षं त्या या खोलीत होत्या. किती गुडघे, किती घोटे त्यांच्या हाताखालून गेले याची गणती नाही. कोण मैदानात उतरणार आणि कोण नाही, या कागदावर सही त्यांची असे, आणि त्या सहीपुढे व्यवस्थापकाचंही काही चालत नसे.

शंक्याने पहिल्याच आठवड्यात निदान केलं, की बाई त्याला मुद्दाम मागे ठेवतायत.

पुरावा हवा असेल तर तोही होता. दर सोमवारी बाई टेपने त्याच्या दोन्ही मांड्यांचा घेर मोजायच्या. शस्त्रक्रियेनंतर डावी मांडी वाळून काठी झाली होती, ती भरतेय का ते बघायला. उजवी चोपन्न, डावी सत्तेचाळीस. पुढच्या सोमवारी पुन्हा सत्तेचाळीस. शंक्याने रोज दोनदा व्यायाम केला होता, पाय सरळ ठेवून तीनशे वेळा उचलला होता. मग मांडी का भरत नाही? नक्कीच टेप सैल धरली. घरी येऊन त्याने बायकोला तिची टेप काढायला लावली. बायकोने मोजलं, एकोणपन्नास.

दुसऱ्या दिवशी तो विजयी चेहऱ्याने बाईंसमोर उभा राहिला. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुडघ्याच्या वाटीपासून किती वर मोजलं?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. बाई वाटीपासून बरोबर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण करायच्या. त्याने घरी बायकोला जरा वर, जिथे मांडी बरी दिसते तिथे मोजायला लावलं होतं. बायकोला संध्याकाळी हे कळलं तेव्हा ती टाचण्या दातांत धरूनच म्हणाली, "गिऱ्हाईकं पोट आत ओढतात, तू मांडी वर ओढलीस. मला त्यात घ्यायचं नाही."

पण शंका घालवायला पुरावा पुरत नाही, असा माझा अनुभव आहे. पुरावा खोटा ठरला तर शंका दुसरा शोधते. तिसऱ्या महिन्यात त्याने पळायची परवानगी मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. आधी एका पायावर नीट उभे राहा." तो आरशासमोर डाव्या पायावर उभा राहिला आणि गुडघा आत झुकला. त्याला वाटलं, आरसाच वाकडा लावलाय. पाचव्या महिन्यात त्याने पळायला सुरुवात केली, मैदानाच्या कडेकडेने, सरळ रेषेत. वळायचं नाही. आत मैदानावर नवा गडी त्याच्या जागेवर खेळत होता, आणि बरा खेळत होता. खांद्याला दोनदा फसला, तेव्हा शंक्याला बरं वाटलं. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

आता ती लोखंडी खुर्ची. तिच्यात माणसाला पट्ट्याने बांधतात, नडगीवर एक गादी येते, आणि माणसाने पाय सरळ करत सगळ्या ताकदीने ती गादी लाथाडायची. यंत्र दोन्ही पायांचे आकडे देतं, आणि खाली ठळक अक्षरांत शेकडा हिशेब, म्हणजे दुखरा पाय चांगल्या पायाच्या शंभरात किती. नव्वदीच्या वर गेल्याशिवाय बाई सही करत नाहीत, हा नियम सगळ्यांना पाठ होता. सातव्या महिन्यात शंक्याची पहिली परीक्षा झाली. उजवा दोनशे छत्तीस, डावा एकशे ऐंशी. खाली शहात्तर.

"यंत्र जुनं झालंय," शंक्या म्हणाला.

"यंत्र मागच्या वर्षी आलंय," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी पुन्हा बघू."

त्याच दुपारी व्यवस्थापकाने त्याला जिन्यात गाठलं. हा माणूस सहा महिन्यांत दोनदा नीट बोलला असेल, आणि आज एकदम खांद्यावर हात. "सात आठवड्यांनी शेवटचा सामना," तो म्हणाला. "तुझा करार त्याच्यानंतर संपतोय. संचालक म्हणतात, वर्षभर खेळला नाही त्याला कशाला ठेवायचा? तू तो एक सामना खेळलास ना, तर मला त्यांच्याशी बोलायला तोंड राहील. नाहीतर अवघड आहे, बाबा."

एरवी शंक्याने त्या हाताकडे संशयाने बघितलं असतं. याला आपली काळजी कधीपासून, हे विचारलं असतं. पण गंमत बघा, संशयी माणूस संशय फक्त नको असलेल्या गोष्टीवर घेतो. हवी ती गोष्ट कुणी कानात सांगितली की तोही इतरांसारखाच मान डोलावतो. थांबा म्हणणाऱ्या बाई लबाड, आणि चल म्हणणारा व्यवस्थापक देवमाणूस. अकरा वर्षं कुणाच्या खांद्यामागे न गेलेला माणूस त्या दिवशी सरळ खांद्यामागे गेला.

शहात्तरवरून नव्वद, सात आठवड्यांत. पायाचा जोर तेवढा वाढत नाही. रोज सायकल मारली, वजनं उचलली, तरी पंधरवड्यात दोनतीन गुणांपलीकडे काही सरकणार नाही, हे त्यालाही कळत होतं. तो त्या कागदाकडे बघत स्वयंपाकघरात बसला होता. आणि मग त्याला ते दिसलं. शंभरात किती, हा हिशेब दोन पायांचा असतो. दुखरा वर जात नसेल, तर चांगला खाली आणायचा.

असली चूक दुसऱ्या कुणाच्या डोक्यात यायची नाही. त्याला मुळी चूक वाटलीच नाही. त्याला वाटलं, लबाडीला लबाडीचं उत्तर. पुढच्या परीक्षेत त्याने उजव्या पायाच्या वेळी दात-ओठ खाल्ले, मान ताणली, खुर्चीच्या कडा पकडून बोटं पांढरी केली, आणि पायात मात्र जोर थोडा राखून ठेवला. जन्मभर दुसऱ्यांच्या हुलकावण्या ओळखलेल्या माणसाला हुलकावणी कशी द्यायची हे शिकवावं लागत नाही. एकदम खूप कमी नाही करायचं, हळूहळू. उजवा दोनशे अठरा, डावा एकशे त्र्याऐंशी, खाली चौऱ्याऐंशी. मग दोनशे अकरा आणि एकशे शहाऐंशी, खाली अठ्ठ्याऐंशी. आणि शेवटच्या सामन्याच्या आठवडाभर आधी दोनशे सहा आणि एकशे अठ्ठ्याऐंशी. खाली एक्क्याण्णव.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, ठळक आकडा बघितला आणि सही केली. त्याच्याकडे बघून किंचित हसल्या, आणि ते हसू घेऊन तो घरापर्यंत चालत आला. का हसल्या? कळलं असेल का? कळलं असेल तर सही का केली? व्यवस्थापकाने त्यांनाही सांगितलं असेल का? छत्तीस पायऱ्या चढेपर्यंत त्याने बाईंवर चार निरनिराळे आरोप तयार केले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

सामन्याच्या चार दिवस आधी संघातल्या संघात सराव सामना होता. नऊ महिन्यांनी तो आपल्या जागी उभा राहिला. हिरव्यागार गवताचा वास, पांढरी रेघ, सगळं ओळखीचं. त्याला रडू येईल असं वाटलं. दहाव्या मिनिटाला आघाडीचा एक गडी चेंडू घेऊन त्याच्यावर आला, खांदा आत टाकला, आणि शंक्या हलला नाही. थाप ओळखली. मग चेंडू बाहेरच्या बाजूला गेला. आता डावा पाय रोवायचा आणि वळायचं, हजार वेळा केलेली गोष्ट. पाय रोवला गेला नाही. दुखलं नाही, टक् झालं नाही, काहीही झालं नाही. पाय नुसता थांबला, जसा अनोळखी दारात माणूस थांबतो. गडी त्याच्या अंगावरून निघून गेला.

"होतं असं पहिल्या दिवशी," व्यवस्थापक बाहेरून ओरडला. "शनिवारपर्यंत सुटेल."

तसं आणखी दोनदा झालं. अंघोळीला जाताना तो एकच गोष्ट डोक्यात फिरवत होता. ही भीती आहे की कमजोरी? भीती असेल तर दात खाऊन खेळता येतं, सगळेच खेळतात. कमजोरी असेल तर शनिवारी तो दोर पुन्हा तुटणार आणि एकतिसाव्या वर्षी पुन्हा ओवून कुणी देणार नाही. दोन्हींतलं खरं कोणतं, हे सांगणारी जगात एकच वस्तू होती, बाईंचा कागद. आणि तो कागद त्याने स्वतःच्या हाताने नासवला होता.

घरी बायको त्याच्या चेहऱ्यावरून समजली. "घाबरतोस कशाला?" ती म्हणाली. "बाईंनी सही केलीय ना? बाई काय खोटं लिहितील?"

आठ महिने याच बाई खोटं लिहितात म्हणून तो या घरात ओरडला होता. आता त्याच्या तोंडून निघालं, "नाही. बाई खोटं नाही लिहिणार." ते खरं होतं, आणि कागद तरीही खोटा होता.

सकाळी तो उपचाराच्या खोलीत गेला. बाई रबरी पट्ट्यांचा गुंता सोडवत होत्या.

"बाई, खुर्चीवरची परीक्षा पुन्हा घ्या."

"कशाला? झालीय ती." बाईंना वाटलं, नेहमीचंच भांडण. "आता एक्क्याण्णवसुद्धा कमी पडले? की यंत्रात खोट आहे?"

"यंत्रात नाही. माझ्यात आहे."

त्याने सांगून टाकलं. उभ्यानेच, भिंतीकडे बघत, तीन परीक्षा, राखलेला जोर, सगळं. पलीकडे धुण्याचं यंत्र गरगर फिरत होतं आणि त्याला वाटलं, आवाजात बाईंना अर्धं ऐकूच गेलं नसेल तर बरं. सगळं ऐकू गेलं होतं. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, पट्टे बांधले आणि उजव्या पायाला गादी लावली.

"मारा."

त्याने मारली. या वेळी चेहरा वाकडा केला नाही. दोनशे अडतीस. मग डावा, एकशे अठ्ठ्याऐंशी. खाली एकोणऐंशी.

बाईंनी कपाटातून त्याची जुनी फाइल काढली. दर मोसमाच्या सुरुवातीला सगळ्या खेळाडूंची मापं घेतली जात. गुडघा जायच्या आधीचा त्याचा उजवा पाय, दोनशे चाळीस. मग त्यांनी गेल्या सहा आठवड्यांचे तीन कागद बाकावर शेजारी शेजारी मांडले आणि वरच्या ओळीवरून बोट फिरवलं. दोनशे अठरा, दोनशे अकरा, दोनशे सहा.

"इतकं डोळ्यांसमोर होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण चांगल्या पायाकडे कोण बघतं?"

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय," शंक्या म्हणाला. "तुम्ही हसलात सही करताना."

"बरं वाटलं म्हणून हसले. या गुडघ्यातून परत येणारे फार नसतात."

त्या बाकावर बसल्या. चष्मा काढून दोरीला सोडून दिला. ओरडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"बाकीच्यांचा प्रत्येक कागद मी दोनदा बघते," त्या म्हणाल्या. "पोरं खोटं बोलतात, मला माहीत आहे. तुमचा बघितला नाही. आठ महिने तुम्ही दर आकड्यावर माझं डोकं खाल्लंत. टेप खोटी, आरसा वाकडा, यंत्र जुनं. मी म्हटलं, सेंटिमीटरभर फरकावरून एवढं भांडणारा माणूस, हा कशाला खोटा आकडा देईल? हा एक तरी खरा असेल."

आठ महिने ज्या एका माणसाला त्याने पाण्यात पाहिलं, त्या माणसाने क्लबातल्या तीस जणांतून त्याच्या एकट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. त्याला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. बापाने एकदा भर बसमध्ये त्याला बिनतिकिटाचा पकडून खाली उतरवला होता, तेव्हाही नाही.

"आणि शनिवारी गुडघा तुटला असता," बाई म्हणाल्या, "तर त्या कागदावर नाव माझं होतं."

हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बाई आपलं काय वाईट करतायत याचा विचार त्याने रोज केला होता. आपण बाईंचं काय करतोय याचा एकदाही नाही.

बाईंनी सहीचा कागद फाडला. व्यवस्थापकाकडे शंक्या स्वतः गेला. व्यवस्थापक म्हणाला, "सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं असतं?" शनिवारी शंक्या प्रेक्षकांत बसला, बायकोशेजारी. नवा गडी चांगला खेळला. पुढच्या आठवड्यात करार त्याला मिळाला. शंक्याला एक पत्र मिळालं, अकरा वर्षांबद्दल आभार मानणारं. खेळताना झालेली दुखापत असल्यामुळे गुडघा पुरता बरा होईपर्यंत उपचार मात्र क्लबातच चालू राहतील, असं खाली लिहिलं होतं.

म्हणून तो त्या खोलीत जातच राहिला. बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "उपचार मी करेन. पण यापुढे तुमच्या तोंडचं काही ऐकणार नाही. दुखतं म्हणालात तरी नाही, दुखत नाही म्हणालात तरी नाही." आणि त्या तशाच वागल्या. खुर्चीवरच्या परीक्षेत उजव्या पायाची पाळी आली की बाई आपला तळवा त्याच्या उजव्या मांडीवर ठेवायच्या, स्नायू खरंच कडक होतोय की नाही ते बघायला. एकदा नाही, प्रत्येक वेळी. त्या हाताचं त्याला फार वाईट वाटायचं. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता कळलं, आम्ही तुझ्याबरोबर कसे राहतो ते?" ती चिडून बोलली नव्हती. तो बराच वेळ भांडी पुसत राहिला.

बाराव्या महिन्यात एका खालच्या श्रेणीतल्या क्लबाने त्याला बोलावलं. गाव लांब, मैदान लहान, पण डाव्या बाजूला माणूस हवा होता. त्यांना बाईंच्या सहीचा कागद हवा होता. बाईंनी परीक्षा घेतली. उजवा दोनशे एकोणचाळीस, डावा दोनशे सव्वीस, खाली पंच्याण्णव. बाईंनी तळवा मांडीवरून न काढता सांगितलं, "पुन्हा."

त्याने पुन्हा मारली. पंच्याण्णव.

"पुन्हा."

"बाई, खरंच दुखत नाही," तो म्हणाला. "सगळा जोर लावतोय."

बाईंनी परीक्षा पाच वेळा घेतली. मग दहा पावलं पळत येऊन डाव्या पायावर वळायला लावलं, तेही पाच वेळा. डावा पाय प्रत्येक वेळी रोवला गेला. मग त्यांनी जुनी फाइल काढली, दोनशे चाळीसच्या आकड्यावर बोट ठेवून नवा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि सही केली.

"गुडघा चांगला झालाय," त्या कागद देत म्हणाल्या. "तिकडे जो कुणी हा गुडघा बघेल, त्याला पहिल्या दिवसापासून खरं सांगा. तो तुम्हाला ओळखत नाही. विश्वास ठेवेल."